बेटावरून आलेल्या समया

— नाही नाही, बसा ना काका. त्या खोक्यावरच बसा, तुमचंच आहे, बेटावरून आलंय. काय झालं, टोचतंय? टोचणारच, आत समया आहेत. नाशिकच्या. म्हणजे मी आपली नाशिकच्या समजत होते इतके दिवस — माझ्या पलंगाला खेटून रचल्यात तुम्ही, अंधारात पाय लागला की मी दचकून उठते, कोण आहे म्हणून, आणि मग आठवतं, कोणी नाही, नाशिक आहे. आज ऑफिसात कळलं की ते नाशिक नाहीच. ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी. नुसतं नाव घेताना दोनदा श्वास घ्यावा लागतो.

हसू नका. मराठी मंडळात तुम्ही सगळ्यांना सांगता ना, आमच्या बेसमेंटमध्ये राहते ती आश्लेषा, कस्टम्समध्ये आहे — कस्टम्समध्ये नाही हो, लोकांचे कस्टम्सचे कागद भरून देणाऱ्या ऑफिसात आहे, किती वेळा सांगितलं — तर तुमचा माल आमच्याच ऑफिसातून सुटतो, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. आज कळलं. कसं कळलं? उपासनाने सांगितलं. समोर बसते ती, नागपूरची, कुठल्या देशाचा माल कुठला लावलाय ते मागाहून तपासते. दुपारी एकदम हसायलाच लागली. म्हणाली, अगं, हे बघ, त्या बेटावरून पितळेच्या समया आल्यात. तिथे सैन्याचा तळ आहे नुसता, आणि नारळाच्या झाडांवर चढणारे खेकडे. समया कोण ओततंय, सैनिक की खेकडे? मीपण हसले. चांगली मोठ्याने हसले काका. आणि मग स्क्रीनवर माल उतरवायचा पत्ता वाचला. शॉमबर्ग. तुमची गल्ली. तुमचा नंबर. ज्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे ते दार.

— आई गं. कुकर होय. काकूंचा कुकर. नाही, मी ठीक आहे, मला शिट्टीची सवयच होत नाही.

तर तुम्ही म्हणताय चूक झाली. मान्य. दिवाळीच्या मालाला चूक झाली, ती कशी झाली तेही मी सांगते, कारण ती चूक जगात फक्त आपलीच माणसं करू शकतात. फॉर्मवर विचारलं, माल कुठल्या देशाचा, आणि तुम्ही टाइप केलंत — इंडियन. केलंत ना? देश विचारला होता काका, जेवण कुठलं आवडतं ते नव्हतं विचारलं. पण आपलं सगळंच इंडियन — इंडियन दुकान, इंडियन भाज्या, इंडियन टाइम — मग देशसुद्धा इंडियन. इंडिया लिहिलं असतंत तर इंडिया आलं असतं. शेवटचा एन टाकलात आणि अख्खा देश यादीतून गळाला, कारण इंडियाच्या शेवटी एन नाही. उरलं एकच. ते बेट. तुम्ही चष्मा न लावता त्यावर बोट ठेवलंत. झाली चूक. मी म्हणते झाली.

पण मग संक्रांतीच्या वाणाचा माल? ही छोटी निरांजनं, या समोरच्या खोक्यांतली? तोपर्यंत चष्मा लागला होता की. इथे भारताच्या मालावर पन्नास टक्के टॅरिफ, म्हणजे आयातकर, आणि त्या बेटावर दहा, हे बिलात दिसल्यावर लागला. या वेळी तुम्ही नुसतं इंडियनवर थांबला नाहीत, पूर्ण नाव लिहिलंत, ब्रिटिशपासून, स्पेलिंगसकट. इतकं शुद्ध स्पेलिंग तुम्ही मंडळाच्या ई-मेलमध्येही लिहीत नाही. त्या बेटावर संक्रांतीचं हळदीकुंकू कोण करतं, काका? कोण लुटतं ही वाणं? आणि हे खोकं उघडा — उघडा ना, घाबरता कशाला, घाबरणारी मी आहे — काढा एक समई, उलटी करा. बैठकीखाली काय उठवलंय? वाचा. मीच वाचते. ना-शि-क. देवनागरीत. तांबटाने बिचाऱ्याने ठोकून लिहिलंय, पुसता येऊ नये म्हणून. तुमचा तांबट तुमच्यापेक्षा प्रामाणिक निघाला, आणि त्याला माहीतही नाही.

काय म्हणालात? इंग्रजांनी दीडशे वर्षं लुटलं, आपण एकदा त्यांचं नाव वापरलं तर काय बिघडलं? वा. म्हणजे हे स्वातंत्र्ययुद्ध चाललंय. बेसमेंटमध्ये. मला वाटलं नुसता धंदा आहे. आणि हिंदी महासागर आपलाच, असंही म्हणणार असाल तर म्हणून घ्या एकदाचं. एक सांगू? मी लंच सोडून वाचत बसले त्या बेटाबद्दल. तिथे माणसं राहत होती. मळे होते त्यांचे, कुत्री होती, चर्च होतं. त्यांना बोटीत घालून काढलं, तळ बांधायचा म्हणून, आणि त्यांची नातवंडं अजून परत जायला मागतायत. त्यांना पाऊल ठेवू देत नाहीत, आणि तुमच्या समया मात्र तिथल्या रहिवासी. कागदोपत्री.

हो, टॅरिफ मूर्खपणाचं आहे, मला सांगताय? मी दिवसभर तेच भरते. ज्या बेटावर एक दुकान नाही त्याला व्यापारी देश समजून यादीत घातलं कोणीतरी — शहाणी माणसं असतील, कोट घातलेली — आणि शॉमबर्गमधल्या अरुणकाकांना वाटलं, आपल्यासाठीच घातलंय. दोन्हीकडे एकच अक्कल. त्यांना बेट देश वाटलं, तुम्हाला ढाल वाटली. सगळे करतात? कोण सगळे? नावं सांगा ना.

आणि थांबा, उठू नका, मुख्य तर राहिलंच. इम्पोर्टर म्हणून नाव कोणाचं आहे? तुमचं नाही. मी दोनदा वाचलं. अहिल्या. काकूंचं. धंदा बायकोच्या नावावर, कारण मंडळात बायकांचा उद्योग म्हणून टाळ्या मिळाल्या — शाल दिली होती काकूंना, आठवतंय, काकू म्हणाल्या मला यातलं काही कळत नाही, आणि सगळे किती साधी आहे म्हणून हसले, तुम्ही सगळ्यांत जास्त हसलात. आता कस्टम्सला हे बेट सापडलं की विचारायला कोणाकडे येतील? जिला शाल दिली तिच्याकडे. तिला तर समया नाशिकच्या आहेत एवढंच माहितीये, आणि ते खरंय, आणि तिच्या सहीखाली खोटं आहे. तुम्ही दिवा लावलात काका, पण हात तिचा धरून.

— बघा, परत. ती शिट्टी नाही ना? दारावर कोणी? नाही. घर तापवणारी फर्नेस आहे. बरं.

काय? खोली? हो, तुमची आहे. हवी तर घ्या. वाटलंच मला, आता खोलीचं निघेल. मी काय, दोन बॅगा भरीन, बाहेर बर्फ आहे, पार दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला माझी मैत्रीण आहे, शिवांगी, तिच्या सोफ्यावर पडेन. माझा व्हिसा या पत्त्यावर आहे, काका. तुमच्या समयांचा आणि माझा पत्ता एक. उपासनाने आज विचारलं, शॉमबर्ग म्हणजे तुझ्या घराजवळ का गं? मी म्हटलं, नाही, लांब आहे. लांब. माझ्या उशीपासून एक हात. ते माझ्या तोंडून इतक्या पटकन गेलं की मलाच — जाऊ दे. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्ही बरे ऐकून घेता दुसऱ्याचं.

मी तुम्हाला वाचवायला बोलत नाहीये, तसं समजू नका. तुम्ही मला आवडत नाही काका, आजपासून नाही. मला काकू आवडतात. पहिल्या थंडीत मी रात्रभर लाइट लावून झोपायचे तर त्या रागावल्या नाहीत, फक्त एक समई आणून ठेवली कोपऱ्यात, ही काय, म्हणाल्या लाइटपेक्षा ही बरी, ही चटका देत नाही डोळ्याला. त्या समईखालीपण नाशिकच आहे. म्हणून सांगते, कामाचं आहे, नीट ऐका. स्वतःहून आधी कस्टम्सकडे जाऊन कबूल केलं, कराचा फरक भरला, तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. त्यांनी पकडलं तर नाही भागत. उद्या ऑफिसात गेल्यावर मी उपासनाला सांगणार आहे की तो पत्ता माझाही आहे. त्याच्या आत तुम्ही काय करायचं ते करा. पण सही काकूंची आहे. तुम्ही एकट्याने काही करू शकत नाही, गंमत बघा. तिला सांगावंच लागेल.

नाही, उद्या नाही. जेवणानंतरही नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगू नका, माझंही —

काकू? या ना, या. नाही, काही झालं नाही, भांडत नव्हतो. बसा, इथे पलंगावर बसा, त्या खोक्यावर नको. काकांना तुम्हाला एक सांगायचंय. कुकर मी बघते वर जाऊन, तुम्ही उठू नका.

सांगा काका. समया कुठून आल्या ते सांगा तिला.