निळं चित्र

परदेशी लोकांच्या राहण्याच्या परवान्याच्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांचा कोट उंची कापडाचा, कोपरांना ठिगळं लावलेला. कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. सांगावं की नाही, ते बाईंना ठरेना.

"अगं, काल इथल्या संग्रहालयात आपलं निळं चित्र दिसलं. तिकडच्या सरकारने आपली बँक आणि घर बळकावलं, तेव्हा विकून टाकलेलं."

"बरं आहे ना?"

"छान आहे. पण उलटं टांगलंय म्हणून मी तिथल्या बाईंना चांगलं सुनावलं."

"मग?"

"त्यांनी खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही दाखवली. आपल्याकडे ती वर होती. मी डाग समजायचो. वीस वर्षं आपल्याच दिवाणखान्यात उलटं होतं ते."

"हो."

"हो काय? तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. स्वयंपाकिणीलासुद्धा."

"आणि जेवायला येऊन वाहवा करणारे आपले मॅनेजर?"

"त्यांना बढती हवी असायची."

"तू तरी बोलायचंस."

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, तुला चित्रातलं काय कळतं."

आजोबा खुदकन हसले.

"सरळ फार सुंदर दिसतं गं. उद्या चल, दाखवतो."

"येईन. आधी इकडे वळा, कॉलर दुमडलीय तुमची."