दोन्ही हातांनी खालून

२०२३ सालचा मार्च. साउथहॅम्प्टनच्या बसमध्ये शशीताईंच्या मागे एक आजी आणि तिथल्या युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली तिची नात तनू मराठीत बोलत होत्या.

“युनिव्हर्सिटी टीमचा बास्केटबॉलचा सीझन वाया गेला, आजी. सात मॅच हरलो.”

“पाच जिंकलात! मी सगळ्या पाहिल्यात.”

“उद्या हरलो की खालच्या डिव्हिजनला. आणि फ्री थ्रो तू शिकवलास तसा दोन्ही हातांनी खालून टाकला, की सगळे हसतात.”

“नागपूरला आम्हालाही हसायचे. बॉल आत जातो ना?”

“जातो.”

“मग खालूनच टाक.”

“आणि चुकला तर?”

“तरी मी उभी राहून टाळ्या वाजवीन. नेहमी वाजवतेच की.”

शशीताईंनी मागे वळून मॅचची वेळ विचारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी न राहवून गेल्या. तनूने शेवटचे दोन्ही थ्रो खालूनच टाकले, आणि टीम वाचली.

तनू आता लीड्सला डॉक्टर आहे. आजी अजूनही साउथहॅम्प्टनला युनिव्हर्सिटीची एकही मॅच सोडत नाही; शेजारची खुर्ची शशीताईंची असते.