सुपापुढची नळी

मी काष्टीचा. घरी कोरडवाहू रान, बापाला वाटायचं पोरानं बैलं धरावीत, पन मला रेडिओ खोलून बघायचा नाद, मॅट्रिक झालो आन् नगरला भरती बघाया म्हनून गेल्तो तो थेट नेव्हीतच. समुद्र तवर बघितलेला न्हाई, काय सांगू तुमाला, आमचं पानी म्हंजे घोड नदी. त्याच भरतीत पुनतांब्याचा रंगनाथ हुता. दोघं एकाच जहाजावर गेलो.

जहाज म्हातारं. इंग्रजांनी बांधलेलं, हिटलरच्या लढाईत लढून आलेलं. मी रडारवाला. डोलकाठीच्या टोकाला एक पिंजरा, दुश्मनाचा वायरलेस कुठनं बोलतोय ती दिशा सांगनारा. त्याच्याखाली खाटंसारखा सांगाडा, तो आभाळातली इमानं बघायचा. आन् त्याच्याखाली सूप. आमी सूपच म्हनायचो. ते गरागरा फिरायचं, पान्यावरच्या होड्या-जहाजं दावायचं. सुपापुढं वीतभर नळी असती, तिच्यातनं लहर सुटती, सुपावर आपटून लांब जाती. नळी न्हाई तर सूप आंधळं, येवढं ध्यानात ठेवा.

आमच्यावर एक चीफ हुता, आपल्याच जिल्ह्यातला, नाव घेत न्हाई. एकाहत्तरच्या लढाईच्या दिसांत मी रजेवरनं सकाळी आलो आन् दुपारी जहाज सुटलं. वर बघाया सवड कुठली, थेट खाली पडद्यापुढं बसलो. पडदा कोरा. चीफला म्हनलं, काय बी दिसत न्हाई. तो म्हनला, जुनं यंत्र हाय, गरम हू दे, बस गप. मी बसलो. कप्तानाला सांगाया पाहिजे हुतं, न्हाई सांगितलं, ती माझी चूक, ती मी कदी झाकली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं, आन् धुक्यातनं एक मालाचं गलबत आडवं आलं. रंगनाथ पुढच्या टोकाला दोर सांभाळत हुता. टक्कर झाली, तो मधी सापडून गेला. मग वर बघितलं तर सुपापुढं नळीच न्हाई.

चौकशीत चीफ साहेबांपुढं ताठ उभा राहून बोलला, निघताना नळी जाग्यावर हुती, यानंच वर चढून तोडली आन् भ्याला म्हनून पान्यात टाकली. समदं ठीक हाय असा त्याच्या सहीचा कागद हुता. माझ्याकडं काय? मला काढलं. पुनतांब्याला रंगनाथच्या आईला भेटाया गेलो तर तिनं दार लावलं. आतनं म्हनली, माझ्या लेकाला खाल्लास, जा. त्या लावलेल्या दारापुढं मी ठरवलं, चीफला सोडायचा न्हाई. बाजरी काढताना तोच डोळ्यापुढं, जेवताना तोच. बायको म्हनायची, त्यो कवाच इसरला असंल, तुमीच जळताय. जळू दे म्हनलं.

दीड वर्सानं नेव्हीचा एक तरना साहेब जीपमधनं आमच्या दारात. जहाज मोडीत काढायचं हुतं, पन त्याची डोलकाठी आन् यंत्रं लोकांना बघाया ठेवायची, नकाशे हरवलेले, कुठलं काय ते सांगनारं मानूस पाहिजे. त्यानं फोटो मांडले, भिंग दिलं. मी बोट ठेवत गेलो, हा पिंजरा, ही खाट, हे सूप. एका फोटोवर थांबलो. धक्क्यावरनं जहाज सुटताना कुनी काढलेला, पुढच्या टोकाला रंगनाथ उभा, हातात दोर. मागं तारीख, त्याच दिवसाची. भिंग वर सरकवलं. सूप हाय, नळी न्हाई.

साहेबाला दावलं. त्यानं दुसऱ्या फोटोशी ताडून बघितलं आन् म्हनला, हे लिहून देशील? बसल्या जागी लिहून सही केली.

पंधरवड्यानं, फोटोची कुनकुन लागली म्हनून, चीफ स्वतः काष्टीला आला. रंग देताना नळी माझ्याच हातनं पडली म्हनला, नवी मागवली असती तर बढती अडली असती. पोरींची लग्नं हायेत, तू लिहून देऊ नको, पाया पडतो. मी म्हनलं, पुनतांब्याला चला आन् हेच रंगनाथच्या आईला सांगा, मग बघू.

गेलो. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत हुती. चीफनं मान खाली घालून समदं सांगितलं. तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग तो माझ्याकडं वळला, आता तरी लिहिनार न्हाईस ना? मी म्हनलं, कागद कवाच गेला साहेबाकडं. तुमाला आनलं ते हिनं ऐकावं म्हनून. त्याचं तोंड बघाया पाहिजे हुतं तुमी. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तो गेल्यावर म्हातारी म्हनली, बस, भाकर खाऊन जा. वाढताना म्हनली, पोरा, तूबी लई कडू झालास रं. मी व्हय म्हनलं.

चीफचा हुद्दा गेला, माझं नाव साफ झालं. नोकरी परत देत हुते, न्हाई घेतली. साखर कारखान्यात मोटारी बघतो. दिवाळीला पुनतांब्याला जातो, तिला लुगडं नेतो. पोरींची लग्नं अडली म्हनं त्याच्या. ऐकलं तवा वाईट वाटावं असं वाटलं, पन वाटलं न्हाई. त्या पोरींचं देव भलं करो, त्यांनी काय केलं? त्याच्यासाटी मात्र माझ्या तोंडून आजून काय निघत न्हाई.