एकेक घर सरकलेली उत्तरे

रत्नागिरीच्या जहाज कचेरीतला नवा संगणक टेलिफोनच्या तारेवरून मुंबईला विचारून खलाशांची खुशाली सांगत असे. सुभाषबद्दल ‘एडनच्या इस्पितळात दाखल’ हे उत्तर ऐकल्यापासून भागूबाई बाकावर खिळून होती. रांगेत तिच्या पाठोपाठ उभ्या असलेल्या गुणवंतीला तिच्या माणसाबद्दल ‘सुखरूप’ हे उत्तर मिळाले होते. तरी ती भागूबाईच्या पाठीवर हात फिरवत थांबली होती. खिडकीपलीकडे प्रोग्रामर दातार आणि कारकून साळवी यांची जुंपली होती.

“साळवी, पहिल्या प्रश्नाला मुंबईचं उत्तर आलेलंच नाही.”

“आलं की. रांगेत पहिला काशीराम होता, त्याला मीच वाचून दाखवलं.”

“ते दुसऱ्याचं होतं. उत्तरावर नाव नसतं हो. आलेलं उत्तर रांगेतल्या पहिल्या प्रश्नाला चिकटतं. एक हरवलं, की बाकीची एकेक घर सरकतात.”

“मग नाव का नाही घातलंत?”

“उत्तरं क्रमानेच येतील, असं तुमचे साहेब छातीठोक सांगत होते.”

“म्हणजे आज प्रत्येकाला त्याच्या मागे उभ्या असलेल्याचं उत्तर मिळालं?”

“मग इतका वेळ काय सांगतोय मी? जा, बरोबर वाचून दाखवा.”

“तुम्हीच वाचा. यंत्र तुमचं.”

“आयकलंस गो, भागू?” गुणवंतीचा चेहरा उजळला. “इस्पितळात तुजा सुभाष न्हाय.”

भागूबाईने पाठीवरचा तिचा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला.

“व्हय. तू बस गो आधी माज्याजवळ.”