मनसा हलली

मामा: ये, अशी जवळ बस, अराबा. डाव्या अंगाला. उजव्या डोळ्याला तू आता नुसती सावली दिसतेस. हात चालू ठेव आणि कान इकडे दे. तुला एक गोष्ट सांगायची आहे.

अराबा: गोष्ट? मामा, पोस्टरवाला दुपारी दुकान बंद करतो. शनिवारी आईला मातीत द्यायचं आहे आणि अंत्यविधीच्या पोस्टरवर लावायला तिचा चेहरा नाही आपल्याकडे!

मामा: आहे. तुझ्या हातात आहे.

अराबा: हा? चर्चच्या गायकांचा घोळका, आणि रांगेच्या अगदी टोकाला आई. वालाच्या दाण्याएवढं तोंड! मोबाइल जवळ नेला की नुसतं धुकं येतं.

मामा: मोबाइलला इतक्या जवळचं दिसत नाही. म्हातारा झालाय बिचारा, माझ्यासारखा. तो कॅमेरा घे. भिंग फिरवून काढ. आता उलटं धर. पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे, मागचं बाहेर.

अराबा: उलटं? तुमची तब्येत ठीक आहे ना?

मामा: देवाने सुलटं घडवलेलं कधीकधी उलटं धरल्याशिवाय कळत नाही, पोरी. सुलटं भिंग मोठ्या जगाला लहान करून आत घेतं. उलटं केलं की लहानाला मोठं करतं. जवळचं टिपायचं वेगळं भिंग मिळतं, पण ते मी जन्मभर दुकानाच्या काचेतूनच पाहिलं. मुंग्या, शिंपल्या, माशीचे डोळे, सगळं मी असंच काढलं. तो दुधाचा डबा दे. दोन्ही तोंडं कापलेला.

अराबा: आत काळं काय आहे? माझी बोटं भरली.

मामा: चुलीची काजळी. आत पत्रा चमकला तर फोटो पांढरा पडतो. डबा कॅमेरा आणि भिंगाच्या मध्ये बसव आणि बाहेरून काळी पट्टी गुंडाळ. उजेडाला एक फट मिळता कामा नये.

अराबा: लोक काय म्हणतात माहितीये? आनोमाबूतल्या प्रत्येक मेलेल्याला एग्यिर फोटोवाल्याने पोस्टरवर हसवलं, आणि सख्ख्या बहिणीचा एक फोटो नाही.

मामा: खरं तेच म्हणतात.

अराबा: आईही तशीच हो. कोणी मोबाइल उचलला की कापड ओढून तोंड झाकायची. म्हणायची, “माझा फोटो दादाच काढणार.” सरकारी कार्डावरचा होता, तो मिरचीच्या हातांनी घासून घासून पांढरा झाला. आणि तुमच्याकडच्या फिल्मा?

मामा: समुद्राच्या दमटाने खाल्ल्या. बुरशी चढली सगळ्यांवर. बोलू नकोस, पट्टी ताण.

अराबा: ताणली. दिसतंय काहीतरी… कान आहे. कोणाचा तरी कान.

मामा: भिंगाला हात लावू नकोस. ते फिरवून काही होत नाही. फोटो गायनाच्या पुस्तकाला टेकवलाय ना? पुस्तकच ढकल. केसाएवढं.

अराबा: कानाची कडा लख्ख, गाल पुसट. आता गाल लख्ख, तर कान गेला!

मामा: कागद वाकलाय. इतक्या जवळून कागदालाही डोंगरदऱ्या असतात. खिडकीची एक काचपट्टी काढून त्यावर ठेव, सपाट होईल.

अराबा: काचेत मीच दिसतेय.

मामा: तुझं सुतकाचं काळं कापड कॅमेऱ्यापुढे टांग, भिंगापुरतं भोक ठेवून. काळ्यात काही उमटत नाही.

अराबा: गेलं! मी गेले काचेतून. सुतकाचं कापड असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मामा: आता टोकापर्यंत सरकव. आईपर्यंत. भिंगाचं छिद्र लहान कर, म्हणजे उजेड कमी, पण पुढचं-मागचं दोन्ही लख्ख. दहा सेकंदांनी आपोआप निघेल असं लाव आणि लांब हो. श्वाससुद्धा नको. समोरून लॉरी जात नाही ना?

अराबा: नाही.

(दहा सेकंद. मग खट्ट.)

मामा: कशी आलीय?

अराबा: छान आलीय, मामा.

मामा: हसतेय?

अराबा: हो. हसतेय.

मामा: बघतेय कुठे?

अराबा: तुमच्याकडे. कॅमेऱ्याकडे.

मामा: अराबा, मी आंधळा होतोय, बहिरा नाही. तुझा आवाज आत्ता कापला.

अराबा: …चेहरा नाहीये, मामा. चेहऱ्याच्या जागी धूर आहे. नाक कुठे, डोळा कुठे, काही नाही. मी पुन्हा काढते, पुस्तक हललं असेल.

मामा: पुस्तक नाही हललं. तुझी आई, मनसा हलली होती. आता ती गोष्ट ऐक. सकाळपासून देवाजवळ एवढंच मागतोय, की मला आठवतं ते चुकीचं असावं. हा फोटो काढताना मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, कोणी पापणीही हलवू नका. आणि नेमकी हिने मान वळवली. माझ्याकडे एकच फिल्म उरली होती. मी सगळ्या गायकांसमोर तिला म्हणालो, “उभं राहता येत नसेल तर फोटोत येतेस कशाला? तुझ्यासारखीचा फोटो काढणं म्हणजे फिल्म वाया.”

अराबा: तुम्ही? आईला?

मामा: त्यानंतर ती कधी स्टुडिओत आली नाही. “दादाच काढणार” म्हणत राहिली, म्हणजे मी बोलवायची वाट बघत राहिली. आणि मी म्हणायचो, पुढच्या रविवारी बोलावू, गिऱ्हाईक कमी झालं की बोलावू. त्या रविवारचं दार शेवटपर्यंत उघडलं नाही.

अराबा: ती का हलली, ते तुम्ही विचारलंत?

मामा: नाही.

अराबा: मग ऐका. चेहरा धुरकट आहे, पण कमरेशी डावा हात लख्ख आलाय. अंगठ्यावर मक्याचं केंके उकडायच्या हंड्याने भाजल्याचा तो जुना डाग आहे, त्याची कडासुद्धा दिसतेय. हाताने एक इवलंसं पाऊल धरलंय. पाठीला बांधलेल्या कापडातून बाहेर आलेलं. पाचही नखं मोजता येतात.

मामा: त्या वर्षी तिच्या पाठीवर तूच होतीस.

अराबा: मी रडले असेन, मामा.

मामा: रडली असशील. म्हणून वळली.

अराबा: …पोस्टरवाल्याला काय सांगू?

मामा: हा हात लाव. त्या पावलासकट. खाली नाव घाल.

अराबा: चेहऱ्याशिवाय पोस्टर? कुळातली मोठी माणसं अंगावर येतील.

मामा: येऊ देत. त्या हाताने वळलेलं केंके ज्याने खाल्लं नसेल, त्याने पुढे येऊन बोलावं. बघू कोण निघतो. शिव्या पडल्या तर माझं नाव सांग.

अराबा: डोळे पुसा आधी. आणि तो डबा कशाला सोडवून हातात घेतलात, काजळी तोंडाला लागली.

मामा: लागू दे. अराबा, शनिवारी पाद्रीबुवा प्रवचनाच्या मध्येच गाण्यासाठी थांबतील बघ. सवय आहे त्यांना. इतकी वर्षं ते थांबले की बाकावरून मनसा गाणं उचलायची. तेव्हा तू उचल.

अराबा: मला सूर नाही, मामा. तुम्हीच हसता.

मामा: नाहीच आहे. तरी उचल. आणि मी गेल्यावर माझी आठवण राहिली नाही तरी चालेल. मनसा तेव्हा का हलली, तेवढं लक्षात ठेव.