बॉक्सरचं गाणं

परदेशात मोठमोठ्या बॉक्सरांवर गाणी आहेत, हे मला सोनालीनं सांगितलं. ती माझी मैत्रीण. बॉक्सिंगमध्ये जिल्ह्यात पहिली आली, म्हणून शाळेत तिचा सत्कार होता.

"मी स्टेजवर येताना तसलंच गाणं पायजे. तू सांग साउंडवाल्याला."

मी कसंबसं विचारलं, "काका, बॉक्सिंगचं गाणं आहे का?"

"हाय की! लई भारी हाय."

सोनाली स्टेजवर आली आणि स्पीकर धडधडायला लागले. गाण्यात शब्द एकच, "चेक! चेक!"

"काका, हे काय लावलं?"

"बॉक्सचंच हाय की! यावरच आमी स्पीकरचे बॉक्स टेस्ट करतो."

सोनाली क्षणभर थबकली. मग प्रत्येक "चेक"ला हवेत एकेक ठोसा मारत सुटली. टाळ्याच टाळ्या!

नंतर मुख्याध्यापकांनी मला कुतूहलानं विचारलं, "गाणं छान होतं. हा चेक कुठल्या देशाचा बॉक्सर?"