टर्कीच्या रश्श्याला आईचं वाटण

तुम्ही कितीही कौतुक करा, टर्की म्हणजे चवीच्या नावानं बोंब! पण इथे परदेशात, सँट्रीत आमची शेजारीण ब्रीडा दर ख्रिसमसला उरलेली टर्की प्रेमानं आणून देते. नाही कसं म्हणणार?

यंदा माझा नवरा नितीन म्हणाला, "तू बस, मी करी सूप करतो." नोव्हेंबरात सांगलीला माझी आई वारली, तेव्हापासून स्वयंपाक तोच बघत होता.

थोड्या वेळानं भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला. मी धावतच गेले, तर ओट्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा. उन्हाळ्यात आली तेव्हा आई वाटण करून फ्रीझर भरून गेली होती. त्यातला हा शेवटचा डबा मी जपून ठेवला होता.

"अरे, आईचं होतं ते!"

नितीनचा चेहराच उतरला. "मला वाटलं, साधं वाटण आहे."

मी आणखी ओरडणार, तेवढ्यात आमची पाच वर्षांची ईरा वास घेत जिन्यावरून धडधडत खाली आली.

"इज आजी बॅक?" म्हणाली, आणि पळत आजीच्या खोलीत बघायला गेली.

तिला आम्ही अजून सांगितलंच नव्हतं. ख्रिसमस तरी होऊ दे, म्हटलं होतं.